बिबिंकाखालचं पान

ती बोटाने कधीच काही दाखवायची नाही. ओठांनी दाखवायची. चमचे कुठे आहेत असं विचारलं, की दोन्ही ओठ पुढे काढून, हनुवटी किंचित उचलून ती ड्रॉवरकडे बघायची आणि आपण समजून घ्यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई माझ्यावर रुसली आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, मला चिडवते आहे. तिसऱ्या दिवशी कळलं, की फिलिपिन्समध्ये पुष्कळ लोक असंच दाखवतात. त्यात सोय अशी, की दोन्ही हात कामात असले तरी काही अडत नाही. तिचे हात कायम कामातच असायचे.

तुम्हीही तुमच्या कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस पाहिलं असेल. त्याचा हुद्दा कोणाला धड सांगता येत नाही, पण ते दोन दिवस रजेवर गेलं की सगळ्यांची चिडचिड सुरू होते. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनजवळच्या ज्या वृद्धनिवासात मी नर्स आहे, तिथे असं माणूस म्हणजे ती होती. कागदोपत्री किचन असिस्टंट. वय साठीच्या अलीकडे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि मी काही उंच नाही. सगळे तिला ‘आते’ म्हणायचे. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. आमची मॅनेजर म्हणायची, भाजी आणून टाकणारा दाढीवाला ड्रायव्हरही म्हणायचा. मीही तेच म्हणायचे आणि इथेही तेच म्हणणार आहे.

आमची पहिली भेट माझ्या उशिराने झाली. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि आठवड्याला दोन शिफ्ट्स करायचे. पहिल्याच शिफ्टला ट्रेन चुकली. धापा टाकत टी-रूममध्ये शिरले तर समोर ही उभी. मला वाटलं हीच सुपरवायझर. “सॉरी, माझी ट्रेन…” एवढं मी म्हणते तोवर तिने माझ्यापुढे एक बशी सरकवली. बशीत चार पांढऱ्याशुभ्र, टम्म फुगलेल्या छोट्या इडल्या.

“ईट फर्स्ट,” ती म्हणाली. “टॉक लेटर.”

हे तिचं कायमचं वाक्य. बाकी तिचं बोलणं मी मराठीत सांगेन, पण हे वाक्य मराठीत आणलं तर त्यातला तो ठासून म्हटलेला ‘फर्स्ट’ हरवेल. ज्याचं ब्रेकअप झालं त्यालाही ईट फर्स्ट आणि जिचा व्हिसा आला तिलाही ईट फर्स्ट. मॅनेजर एकदा तिला वॉर्निंग द्यायला आली होती. तीही आधी खाऊन मग बोलली, आणि काय बोलायचं होतं ते विसरली.

तर त्या इडल्या नव्हत्या. तो ‘पुतो’ होता. तांदळाचाच, वाफेवरचाच, पण गोड. मी मूळची अलिबागजवळच्या चौलची. आमच्याकडे उन्हाळ्यात फणसाच्या रसातली सांदणं करतात. पहिला घास तोंडात गेला आणि मला आईची सांदणं आठवून धो धो रडूच आलं. पहिल्या शिफ्टच्या आधीच रडणारी मुलगी, अशी माझी ख्याती झाली. आतेने काहीही न विचारता ओठांनी टिश्यूचा बॉक्स दाखवला.

पुढे माझे उपास तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ झाले. एका संकष्टीला तिने एक बरणी माझ्या हातात ठेवली. “यात तांदूळ नाही, अंडं नाही. मी नेटवर बघून केलंय.” बरणीत गडद जांभळा हलवा. मी आयुष्यात कधी जांभळा पदार्थ विश्वासाने खाल्लेला नाही. हे कशाचं म्हणून विचारलं, तर तिने फोनवर कंदाचा फोटो दाखवला. खडबडीत साल, आतून जांभळा.

“अगं, हे तर कोनफळ!” मी मराठीतच ओरडले.

त्यांचं ‘उबे’ म्हणजे आमच्या परसातलं कोनफळ. आम्ही ते उकडायचो, मीठ-तूप लावायचो आणि वर ‘आज काय, कोनफळंच का’ म्हणून नाक मुरडायचो. हिने त्यात दूध, लोणी आणि साखर घालून दोन तास ढवळलं होतं. आमच्या कोनफळात एवढं ऐश्वर्य दडलेलं आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ती बरणी मी संकष्टीच्या चंद्रोदयाआधीच संपवली.

अशी ही बाई दिवसभर किचनमध्ये काय करायची, तर पावडरचं कस्टर्ड ढवळायची. आमच्याकडे मेन्यू आहारतज्ज्ञ ठरवतात आणि त्यात इकडचं तिकडे होत नाही. सोमवारी जेली, मंगळवारी कस्टर्ड. ती त्याबद्दल कुरकुर करायची नाही. फक्त कस्टर्डकडे बघून कधी कधी म्हणायची, “बिचारं.”

आता मूळ गोष्टीकडे येते. तोवर बरीच वर्षं गेली होती, मी तिथेच कायमची नर्स झाले होते आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली होती.

दर वर्षी शरदात आम्ही आजी-आजोबांना बसने तासाभरावरच्या एका गावातल्या शोला नेतो. शो म्हणजे आपल्याकडचं कृषी प्रदर्शन आणि जत्रा एकत्र. गाई, मेंढ्या, माणसाएवढे भोपळे, आणि एका मोठ्या हॉलमध्ये घरोघरच्या बायकांचे केक. काचेच्या कपाटांत केक मांडलेले असतात. परीक्षक येऊन प्रत्येक केकची एक फोड कापतात, चाखतात आणि गुण देतात. मग कापलेले केक तसेच लोकांना बघायला ठेवतात. पहिल्याला निळी रिबन.

त्या वर्षी मदतीला आते आली होती. एक व्हीलचेअर ढकलत ती हॉलमध्ये शिरली आणि त्या कपाटांसमोर थबकली ती हलेचना. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने पाहून घेतलं.

“तांदळाचा कुठे आहे?” तिने मला विचारलं.

“तांदळाचा नाही दिसत.”

“एकही नाही? आपण एवढे भात खाणारे लोक या देशात आलो आणि एकानेही तांदूळ आणला नाही?”

जवळच एप्रन घातलेल्या एक स्वयंसेविका उभ्या होत्या. पांढरे केस, चष्म्याला दोरी. आतेने त्यांना विचारलं, की इथे कोण केक ठेवू शकतं. त्या हसून म्हणाल्या, “एनीवन, लव्ह.”

त्यांनी ते सहज म्हटलं असणार. पण परतीच्या बसमधून उतरताना आते मला म्हणाली, “पुढच्या वर्षी मी बिबिंका आणणार.”

बिबिंका हा तांदळाचा केक. गोव्याच्या बेबिंकाशी त्याचं नावाचं काही नातं असेल, चवीचं नाही. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं दूध, अंडी, साखर. भांड्यात केळीचं पान घालून त्यावर ते पीठ ओतायचं आणि खाली निखारे, वर झाकणावर निखारे. आमच्याकडे काकडीचं धोंडस असंच भाजतात, त्यामुळे इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण नंतर वर चीज आणि खारवलेल्या अंड्याच्या फोडी लावतात. गोड केकवर खारट अंडं! मी कपाळाला हात लावला. आते म्हणाली, “ईट फर्स्ट.” मी खाल्लं आणि हात कपाळावरून काढला.

हा बिबिंका तिची आई विकायची. मनिलाच्या उत्तरेला बुलाकान म्हणून प्रांत आहे, तिथल्या एका चर्चच्या दाराबाहेर, डिसेंबरातल्या पहाटेच्या प्रार्थनांच्या वेळी. पाच-सहा वर्षांची आते बाजूला बसून निखाऱ्यांना पंख्याने वारा घालायची. “माझ्या आईचा बिबिंका ज्याने एकदा खाल्ला, त्याने दुसरा मागितला,” असं ती सांगायची. आई गेली तेव्हा ही सिडनीत होती. तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, कांदे चिरताना.

“मला रिबन नको,” ती म्हणाली. “त्या टेबलावर एका परीक्षकाने माझ्या आईच्या बिबिंकाचा एक घास खावा. बस.”

फॉर्म मी भरला. का, तर व्हिसाचे आणि कायम वास्तव्याचे फॉर्म भरून भरून मला वाटायला लागलं होतं, की या देशातला कोणताही फॉर्म मी डोळे मिटून भरू शकते. आणि खरोखर डोळे मिटूनच भरला. ‘बटर केक, आयसिंग नसलेला’ या वर्गात तिचं नाव घातलं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचे नियम वाचायची मला गरज वाटली नाही.

शोच्या दिवशी सकाळी आम्ही बिबिंका घेऊन गेलो. पण फिलिपिनो बाई एका केकवर कशी थांबणार? तिच्या दुसऱ्या हातात एक भलामोठा ट्रे. आत पुतो आणि ‘कुत्सिंता’ म्हणजे गुळाच्या रंगाच्या तांदळाच्या वड्या, वर खोवलेलं खोबरं. तिने तो सरळ नेऊन त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंपुढे धरला.

“हे काय?”

“तुमच्यासाठी. तुम्ही सकाळपासून काम करताय. ईट फर्स्ट.”

बाई दोन पावलं मागे सरल्या. “सॉरी लव्ह, हे आम्ही घेऊ शकत नाही. अजून जजिंग व्हायचंय.”

आतेला काही कळेना. मला कळलं आणि मी जागच्या जागी घामाघूम झाले. लाच! या लोकांना वाटत होतं, की ही लाच आहे. मी आतेच्या कानात ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उतरला, की मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आपण प्रेमाने पुढे केलेलं अन्न कोणी नाकारलेलं तिने त्याआधी पाहिलंच नव्हतं. ट्रे मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत गाडीत बसून राहिली.

एक वाजता हॉल उघडला. आम्ही आत गेलो. कपाटात रांगेने केक, आणि प्रत्येकाची एक फोड कापलेली. फक्त एक केक अख्खा होता. त्याच्यापुढे कार्ड होतं, ‘नियमाप्रमाणे नाही’. मी धावत जाऊन भिंतीवर लावलेले नियम वाचले. केकखाली कागद, अस्तर किंवा सजावट चालणार नाही. असल्यास केक चाखला जाणार नाही.

केळीचं पान. त्यांनी ते अस्तर धरलं होतं.

आते कार्डाकडे बघतसुद्धा नव्हती. ती त्या अख्ख्या केकच्या कडेकडे बघत होती. “दे डिडन्ट ईट,” ती म्हणाली. फॉर्म मी भरला होता. चूक सगळी माझी होती.

माझ्या स्वभावात एक खोड आहे. चूक झाली की मी शहाणपणा शिकवायला लागते. पुढच्या आठवड्यात मी तिला उपाय सांगितला. पुढच्या वर्षी बिबिंका पानावरच भाजायचा, पण नेताना पान सोलून काढायचं. कोणाला कळणार आहे?

“पान काढलं की तो बिबिंका नाही,” ती म्हणाली.

“अगं, एक पान तर काढायचंय!”

“तू मोदकाच्या पाकळ्या दाबून सपाट करून नेशील?”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक तर मोदकाबद्दल तिला मीच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, “मग बस धरून तुझं पान.” दोन आठवडे आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. पण त्या दोन आठवड्यांतही टी-रूममध्ये माझ्या नावाची बशी झाकलेली असायचीच. माझा राग असा रोज चार वाजता विरघळायचा.

आमच्याकडे बारा नंबरच्या खोलीत एक एक्याण्णव वर्षांच्या बाई होत्या. शेतकऱ्याची बायको. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, बुद्धी मात्र सुईसारखी. त्यांचं जेवण कमी झालं होतं. कोणाचं ताट किती रिकामं परत येतं, हे आते डोळ्यांनी टिपायची, आणि बारा नंबरचं ताट जवळजवळ भरलेलं परत यायचं. एकदा त्यांना औषध देताना मी सहज विचारलं, की पूर्वी काय आवडायचं. त्या म्हणाल्या, “आवडायचं काय, मला चाखावंच लागायचं. तीस वर्षं मी शोमध्ये केक जज केले.”

मी औषधाचा ट्रे तसाच ठेवून किचनकडे धावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिफ्ट संपल्यावर, आते घरून बिबिंका घेऊन बारा नंबरच्या दारात उभी. मी बाईंचा चार्ट पाहून घेतला होता, साधा आहार, कसलं पथ्य नाही. त्यांच्या मुलीलाही फोन केला होता. बाईंनी चष्मा लावला आणि एकदम ताठ बसल्या. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी केक बोटाने दाबून पाहिला, कडेने उचलला, खाली वाकून पाहिलं.

“खाली अस्तर आहे.”

“पान आहे, मॅम,” आते म्हणाली.

“खायचं असतं का?”

“नाही.”

“मग ते तिथे कशाला?”

मला वाटलं, आता ही आईची, चर्चची, निखाऱ्यांची सगळी कथा सांगेल. तिने फोड कापून बशी पुढे केली. “ईट फर्स्ट.”

बाईंनी खाल्लं. सावकाश, डोळे मिटून. मग पान उचलून नाकाशी नेलं, मग पुन्हा एक घास घेतला, मग पुन्हा पान हुंगलं. आम्ही दोघी दहावीचा निकाल लागायचा असल्यासारख्या उभ्या होतो.

“हे अस्तर नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “हा केकमधला जिन्नस आहे. माझी आई कस्टर्डच्या दुधात तमालपत्र घालायची. तेही कोणी चावून खात नव्हतं. पण ते काढून टाका असं कोणी म्हणालं असतं, तर आईने त्याला घराबाहेर काढलं असतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कागद आण. कमिटीला पत्र लिहायचंय.”

बशी रिकामी होती. आतेने ती दोन्ही हातांनी उचलली आणि ओठांनी मला दाखवली.

“मग झालं की,” मी तिला बाहेर आल्यावर म्हटलं. “परीक्षकाने खाल्ला तुझा केक.”

हे बाईंनी आतून ऐकलं. “मी रिटायर झालेय,” त्या ओरडल्या. “माझं खाल्लेलं धरू नका. टेबलावर जाऊ दे. आणि चीज जरा जास्त झालंय!”

पत्र बाईंनी सांगितलं, मी लिहिलं, सही आतेने केली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. केक ‘इतर कोणताही’ या वर्गात ठेवावा, आणि पान हा पाककृतीचा भाग असल्याचं कार्डावर लिहिलं तर पान ठेवायला हरकत नाही. त्या दिवशी आतेने मंगळवार असूनही कस्टर्डला ‘बिचारं’ म्हटलं नाही.

आता प्रश्न पानाचा. इथे दुकानात केळीची पानं मिळतात ती फ्रोझन. त्यांना वास नाही आणि घडी उलगडताना चिरतात. पण आमच्या मागच्या गल्लीत एका तमिळ कुटुंबाने कुंपणाशी केळ लावलेली आहे. शोच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला घेऊन तिथे गेले.

“आई, आर वी स्टीलिंग अ लीफ?” ती कुजबुजली.

“मागून घेतोय गं.”

“दॅट्स इव्हन मोअर एम्बॅरसिंग.”

सकाळी आतेच्या मागच्या अंगणात मी ते पान विस्तवावरून अलगद फिरवून शेकलं, म्हणजे ते मऊ पडतं आणि घालताना फाटत नाही. आमच्याकडे केळीच्या पानात तांदळाच्या पिठाची पानगी भाजताना असंच करतात. आते बघत राहिली. इतक्या वर्षांत मी एखादी गोष्ट तिच्याकडून न शिकता तिला करून दाखवली, अशी ही पहिलीच. मग तिने बार्बेक्यूत निखारे पेटवले, भांड्यावर पत्रा ठेवून त्यावरही निखारे रचले, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. मी वारा घालत बसले. ती भांड्यापाशी उभी होती, आईच्या जागी. तिने तसं म्हटलं नाही, पण मला ते कळलं आणि माझे डोळे भरून आले. धुरामुळे, असं मी तिला सांगितलं.

निघताना मी तिला बजावलं, “या वेळी फक्त एक केक. दुसरं काही नाही.”

“ओन्ली वन,” ती म्हणाली. चेहरा इतका निरागस, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एका केकचा गाडीभर एवढा वास कसा सुटतो, असं वाटेत मनात आलं होतं. पण मी गाडी चालवत होते.

हॉलच्या दारात त्याच चष्म्याच्या दोरीवाल्या बाई. त्यांनी प्लेट घेतली, पान पाहिलं, तोंड उघडलं. मी कमिटीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि आतेकडे पाहिलं. “ओह, म्हणजे पत्रवाली ती तूच होय?” मग हळूच म्हणाल्या, “गेल्या वर्षी त्या ट्रेचा फार छान वास येत होता.”

एक वाजता हॉल उघडला. आमची बस तोवर आली होती. मी बारा नंबरच्या बाईंची व्हीलचेअर ढकलत होते, आते आमच्या मागे, चक्क माझ्या पाठीआड. कपाटापाशी पोहोचल्यावर बाहेर आली ती एकदम पुढेच गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

मी म्हटलं, “काय झालं?”

तिने ओठ पुढे काढले. बिबिंकाची एक फोड कापलेली होती. आणि तिच्या शेजारी, तेवढीच, दुसरी.

“दोन वेळा कापलाय,” ती म्हणाली. “दुसरा मागितला.” मग एवढं मोठ्याने, की पलीकडची माणसं वळून बघायला लागली, “अनाक, बघ! दुसरा मागितला!” अनाक म्हणजे लेकरू. मला ती आनंदात असली की अनाक म्हणायची.

“खाली बघ,” बारा नंबरच्या बाई म्हणाल्या.

“दोन फोडी!”

“अगं खाली बघ, बाई!”

प्लेटखाली निळी रिबन होती. आतेने ती पाहिलीच नव्हती. खरं सांगते, पाहिल्यावरही तिला फोडींचंच जास्त होतं. ती त्या एवढ्याशा रिकाम्या जागेकडे बघून रडत होती, हसत होती, आणि मी तिला मिठी मारून तेच करत होते. बारा नंबरच्या बाईंनी काचेतून केक निरखला आणि म्हणाल्या, “चीज कमी केलंस. बरं केलंस.”

मग आतेने डोळे पुसले, पदर खोचल्यासारखा एप्रन सारखा केला आणि चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

“जजिंग फिनिश?”

“फिनिश, लव्ह.”

“देन कम.”

ती त्यांना पार्किंगमध्ये घेऊन गेली आणि माझ्या गाडीची डिकी उघडली. माझ्या गाडीची! सकाळी मी आत हात धूत असताना तिने आठ ट्रे रचले होते, मध्ये टॉवेल घालून, एकही न हलेल असे. पुतो, कुत्सिंता, चिकट तांदळाचा गुळाचा ‘बिको’, रताळ्याच्या जातीतल्या कुठल्या कुठल्या कंदांचे केक, खरवसाच्या वड्यांसारखा थरथरणारा ‘लेचे फ्लान’ आणि मधोमध माझं जांभळं कोनफळ. पाच मिनिटांत एप्रनवाल्या सगळ्या बायका तिथे होत्या. मग भोपळेवाले आले, मेंढ्यांची लोकर कातरणारे आले, आमच्या बसमधले आजी-आजोबा आले. एक धिप्पाड शेतकरी कोनफळाचा घास तोंडात धरून मला विचारत होता, की हे नक्की काय आहे. मी सांगायला तोंड उघडलं, तर मागून आवाज आला, “ईट फर्स्ट!” आणि तो म्हणाला, “नो वरीज, आते.” तिला आते म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. एकही ट्रे भरलेला परत आला नाही.

पुढच्या वर्षी ती रिटायर होऊन बुलाकानला गेली. निळी रिबन तिने आईच्या फोटोला लावली आहे, तो फोटो मला पाठवला. किचनमध्ये आता एक तरुण, उत्साही माणूस आहे. त्याचं कस्टर्ड चांगलं असतं. तरी चार वाजता मी टी-रूममध्ये जाते आणि झाकलेली बशी शोधते. सवय जात नाही. बारा नंबरच्या बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून कमिटीला आणखी एक पत्र लिहून घेतलं होतं. त्याचं काय झालं ते त्यांना कळलं नाही.

मला या वर्षी कळलं. शोची पुस्तिका आली. या वेळी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि केकच्या पानावर एक नवा वर्ग छापलेला होता. ‘तांदळाचा केक, भाजलेला किंवा उकडलेला. पान चालेल.’

पान चालेल. मी त्या ओळीचा फोटो काढून बुलाकानला पाठवला. उत्तरादाखल नुसते ओठांचे फोटो आले, एकापाठोपाठ एक, बाराएक तरी असतील.

मी फॉर्म भरला. स्वतःच्या नावाने. शोच्या सकाळी तमिळ शेजाऱ्यांच्या केळीचं पान, वर गूळ-नारळ घातलेली चौलची पानगी, पांढऱ्या प्लेटमध्ये. हॉलच्या दारात त्याच बाई, तीच चष्म्याची दोरी. माझ्या आधी त्या वर्गात चार प्लेटी आल्या होत्या, चारही पानांवर. बाईंनी माझी प्लेट न घेता आधी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाकून हळूच विचारलं, “आणि डिकीत काय आहे?”

माझे दोन्ही हात प्लेटीत अडकलेले होते. मी ओठ पुढे काढले, हनुवटी किंचित उचलली आणि पार्किंगकडे पाहिलं.